अमेरिकेतील ‘गांजा-कार्ड’ दुसऱ्या राज्यात चालते का?

अमेरिकेत शिक्षणासाठी, नोकरीसाठी गेलेल्या आपल्या मुलामुलींसाठी हा विषय आम्ही मुद्दाम घेत आहोत. तिथल्या अनेक राज्यांत डॉक्टरांच्या शिफारशीवरून आजारपणात गांजा वापरण्याचे कार्ड मिळते. ते दुसऱ्या राज्यात चालेलच असे धरून चालू नका.

भारतात मूळ फौजदारी कायदा देशभर एक असल्याने आपल्याला हे नवल वाटते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी अमेरिकेच्या आणि आपल्या संघराज्यातला हाच फरक उलगडून दाखवला होता. तिथे प्रत्येक राज्याचा फौजदारी कायदा निराळा, शिवाय केंद्राचा वेगळा. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये औषधी गांजाला परवानगी दिली. पण केंद्राच्या १९७० च्या कायद्याने गांजावर बंदी घातलेली होती. राज्याची परवानगी असली तरी केंद्राचा कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये गॉन्झालेस विरुद्ध राइच खटल्यात सांगितले.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली : नेवाडासारखे राज्य बाहेरचे कार्ड मानते. ओक्लाहोमा बाहेरच्या रुग्णांना तात्पुरता परवाना देते. आयडाहोत मात्र शेजारच्या ओरेगॉनचे कार्ड दाखवूनही सुटका नाही.

दुसरी : कार्ड चालते म्हणजे माल सोबत नेता येतो असे नाही. दोन्ही राज्यांत परवानगी असली तरी गांजा घेऊन सीमा ओलांडणे हा केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे. विमानप्रवासालाही हेच लागू.

तिसरी, आपल्यासाठी सर्वात महत्त्वाची : व्हिसा, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व हे केंद्राचे विषय आहेत. ‘आमच्या राज्यात कायदेशीर होते’ हे उत्तर तिथे उपयोगी पडत नाही. नागरिकत्वाचा अर्ज त्यामुळे अडू शकतो, असे तिथल्या इमिग्रेशन खात्याने २०१९ मध्ये स्पष्ट केले. शिक्षा झालेली नसताना, नुसत्या कबुलीनेही माणूस अडचणीत येऊ शकतो. म्हणून कार्ड काढण्याआधी डॉक्टरांइतकाच इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्या. भारतात येताना तर काहीच आणू नका. इथे १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे.

आजाऱ्याला औषध नाकारा, असे धम्म सांगत नाही. विनयपिटकातील महावग्गात औषधांवर स्वतंत्र प्रकरणच आहे. पाचवे शील सावध करते ते प्रमादापासून. आणि कायदा न वाचता खिशात कार्ड घेऊन फिरणे हाही प्रमादच. कष्टाने मिळवलेली संधी त्यापायी गमावू नका.

जयभीम!