पोथीचा नेम आणि पुस्तकाची गोडी

सोलापूरहून गुलबर्ग्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, महाराष्ट्राच्या सीमेलगत, अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे बाजारपेठेचे गाव आहे. तूर-हरभऱ्याची आवक, अडत्यांच्या पेढ्या, आणि घरात कानडी व शाळा-कचेरीत मराठी असा दुहेरी संसार पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारी माणसे, ही त्याची ओळख. अशा गावी वाचनाची आवड कोठून उपजते आणि जन्मभर कशाच्या बळावर टिकते, हा विचार करू लागले म्हणजे माझे लक्ष ग्रंथालयाच्या कपाटांआधी देवघरातील पोथीकडे जाते.

याच सोलापूर जिल्ह्यातल्या, आज सांगोला तालुक्यात मोडणाऱ्या नाझरे गावच्या श्रीधरस्वामींनी ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ हे विस्तीर्ण ग्रंथ रचले आणि शके १६४० मध्ये, म्हणजे १७१८ साली, बारामतीस ‘शिवलीलामृत’ सिद्धीस नेले. मराठी छापखाना तेव्हा अद्याप शतकभर दूर होता. तरीही हे ग्रंथ खेडोपाडी पोचले, कारण एकाने वाचावे आणि भोवतालच्यांनी ऐकावे अशी रीत होती, आणि जिला अक्षर ओळखता येत नव्हते ती आजीही त्या रीतीने पांडवांच्या वनवासाची पूर्ण माहीतगार होत असे. ‘पांडवप्रतापा’चे ६४ अध्याय एका बैठकीचे नव्हेत, रोज एक घेतला तरी दोन महिन्यांवर मजल जाते. ‘शिवलीलामृता’चा अकरावा अध्याय तर आजही असंख्य घरांत नित्यपाठात आहे. ठराविक वेळ, ठराविक जागा आणि आज कोठे थांबायचे याची आधीच घालून दिलेली मर्यादा, एवढ्या बंदोबस्तावर ज्यांनी आयुष्यभर ग्रंथ वाचले, त्यांना फुरसतीची वाट पाहावी लागली नाही. आवड आधी आणि सवय मागून, हा आपला सर्वसाधारण समज मला म्हणूनच खरा वाटत नाही.

मुद्रित वाङ्मयालाही या नेमाचा आधार मिळाला. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी प्रथम ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली, तेव्हा तिची नायिका यमू हिच्या कथेसाठी वाचक आठवडाभर थांबत. पुढे काय झाले ही उत्कंठाच त्यांच्याकडून नियमाचे पालन करवीत असे.

परंतु पोथी एक, आणि मनुष्याचे कुतूहल अनेक; ते भागवायला ग्रंथालयच लागते. १९३९-४० साली मुंबई इलाख्यात नेमलेल्या फैजी समितीने मध्यवर्ती ग्रंथालयापासून थेट गावापर्यंत पोचणाऱ्या ग्रंथालयांच्या साखळीची तजवीज सुचविली. पुढे १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने सरकारी अनुदानास कायद्याचे अधिष्ठान दिले. ही व्यवस्था मोलाची आहे, आणि सीमेवरच्या गावांत तिचा विनियोग अधिक विचारपूर्वक व्हावा असे मला कळकळीने वाटते. ज्या घरात बसवेश्वरांची कन्नड वचने मुखोद्गत आहेत आणि मुले मराठी पाठ्यपुस्तके वाचतात, त्या घरच्या माणसाला दोन्ही भाषांचे ग्रंथ एकाच कपाटात मिळाले पाहिजेत. वाचनालयाचे दार, दिवसाचा जमाखर्च मिटवून पेढ्या बंद होतात त्या संध्याकाळच्या वेळी उघडे असावे. आणि आठवड्यातून एकदा तेथे कोणीतरी मोठ्याने वाचावे, म्हणजे चष्मा लावूनही अक्षर न दिसणाऱ्या वृद्धांना पुन्हा श्रोत्यांत बसता येईल.