संयुजेपासून सुरुवात

जूनमध्ये शाळा उघडली की आठवड्याभरात वार्षिक नियोजन मुख्याध्यापकांकडे द्यावं लागतं. महिना, घटक, तासिका, शैक्षणिक साहित्य, शेरा असे रकाने आधीच आखलेले असतात. दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 1’ मधल्या 10 पाठांपैकी चार रसायनाचे : आवर्ती वर्गीकरण दुसरा, रासायनिक अभिक्रिया तिसरा, धातुविज्ञान आठवा, कार्बनी संयुगे नववा. पहिले दोन दिवाळीआधी, पुढचे दोन दिवाळीनंतर, ही वाटणी अनुक्रमणिका बघून कुणालाही करता येईल. पण ती तशीच वहीत उतरवून चालत नाही. मुलांना संयुजा कितपत कळली आहे आणि कोकणातला पाऊस काय करू देतो, या दोन गोष्टी बघूनच मी रकाने भरते.

संयुजा नववीच्या ‘द्रव्याचे मोजमाप’ या पाठात येऊन गेलेली असते. जूनपर्यंत त्यातली उरते ती बहुधा कृतीच : संयुजा लिहा, तिरक्या फिरवा, रेणुसूत्र तयार. मॅग्नेशिअमच्या एका अणूला क्लोरीनचे दोन का लागतात असं विचारलं की वर्ग गप्प होतो. म्हणून पहिल्या तासिका मी कोणत्याही पाठाला देत नाही. त्या ओळीत ‘पूर्वज्ञान’ असं लिहिते आणि इलेक्ट्रॉन संरूपण फळ्यावर पुन्हा मांडते. मॅग्नेशिअमच्या बाहेरच्या कवचात दोन इलेक्ट्रॉन, क्लोरीनला अष्टक पूर्ण करायला एक कमी. सोडिअम, ऑक्सिजन, ॲल्युमिनिअम घेऊन हेच पुन्हा पुन्हा. पोर्शन मागे पडेल अशी धास्ती सहकाऱ्यांना वाटते आणि ती रास्तही आहे. पण या तासिका वाचवल्या तर पुढच्या चारही पाठांत त्याची किंमत मोजावी लागते, असं माझं ठाम मत आहे.

मग आवर्ती वर्गीकरण. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर पहिल्या 20 मूलद्रव्यांची नावं, संयुजा आणि एखादा गुणधर्म लिहून मी गटागटांत वाटते. प्रत्येक गठ्ठ्यातलं एक कार्ड मुद्दाम काढून घेतलेलं असतं. मुलं रांगा लावतात, मोडतात, भांडतात, आणि कुणीतरी म्हणतं, ‘‘बाई, इथे काहीतरी पाहिजे होतं.’’ एवढं झालं की मेंडेलीव्हची गोष्ट सांगायला जमीन तयार झाली. 1869 मध्ये 63 मूलद्रव्यं ठाऊक असताना त्याने सारणीत रिकाम्या जागा सोडल्या. त्यांपैकी एका जागेचं गॅलिअम 1875 मध्ये सापडलं. ते 30 अंश सेल्सिअसच्याही किंचित खाली वितळतं, म्हणजे आमच्याकडच्या मे महिन्यात बाटलीत पातळ होऊन बसेल. हे तारखांपेक्षा जास्त लक्षात राहतं. गणावरून संयुजा ओळखता यायला लागली की पाठाचं काम झालं.

सर्वांत जास्त तासिका मी समीकरणांच्या संतुलनाला देते. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी : डावीकडे ऑक्सिजनचे अणू दोन, उजवीकडे एक. दरवर्षी बरीच मुलं पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनच्या पायाशी दोनचा आकडा घालून मोकळी होतात. अणूंची बेरीज जुळते, पण पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. त्यावर नुसती लाल फुली मारून भागत नाही. औषधाच्या दुकानातली पेरॉक्साइडची बाटली पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवते, त्यात चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड टाकून फसफस दाखवते, आणि विचारते, पायाचा आकडा बदलून हे असं दुसरंच काही तयार झालं तर चालेल का? त्यानंतर गुणांक कुठे लिहायचा हे फारसं सांगावं लागत नाही.

आता पाऊस. जुलैत प्रयोगशाळेतली हवाच रसायनांवर काम करत असते. कॅल्शिअम क्लोराइडचं झाकण सैल राहिलं की त्याचं पाणी होतं, कॉस्टिक सोड्याच्या गोळ्यांना घाम सुटतो, हिराकस पिवळट-तपकिरी पडते. चुनकळी उघड्या पिशवीत राहिली तर आपोआप विरते आणि ऑगस्टमध्ये पाण्यात टाकल्यावर गरमच होत नाही. म्हणून उष्मादायी अभिक्रिया पुस्तकात पुढे असली तरी हा प्रयोग मी जूनमध्येच उरकते. नैऋत्येच्या झडीने खिडक्या बंद असतात, तेव्हा लेड नायट्रेट तापवून तपकिरी वायू सोडायची गोष्टच नको. तो दिवाळीनंतर, आणि तोही दाराशी. मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा टाकायला मात्र कुठलाही महिना चालतो.

उलट काही गोष्टींना पाऊसच हवा. गंजणं पुस्तकात आठव्या पाठात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत येतं. मी त्यासाठी खिळे घातलेल्या परीक्षानळ्या जुलैतच मांडते : एकीत साधं पाणी, दुसरीत उकळलेलं पाणी आणि वर तेलाचा थर, तिसरीत कोरडं कॅल्शिअम क्लोराइड आणि मेणाने बंद केलेलं बूच. चौथा खिळा खिडकीच्या कठड्यावर उघडाच. नोंदी मुलांच्या वहीत राहतात, आणि धातुविज्ञान शिकवताना त्याच वह्या उघडायच्या.

बाकी आखणी दिनदर्शिका करते. लावणीच्या दिवसांत शेतकऱ्यांची मुलं कमी येतात, म्हणून तेव्हा नवा घटक सुरू करायचा नाही. अतिवृष्टीची सुट्टी आदल्या रात्री कळते. गणपती कधी ऑगस्टमध्ये, कधी सप्टेंबरच्या मध्यावर. इथे त्या सुट्टीत सगळं गाव मखरात आणि आरत्यांत गुंतलेलं असतं, तेव्हा गृहपाठ देण्यात अर्थ नाही. सुट्टीआधी समीकरणं संपवली आणि सुट्टीनंतर प्रथम सत्र परीक्षेपर्यंत सराव ठेवला, तर बसतं.

बोर्डाच्या लेखी परीक्षेत भाग 1 ला 40 गुण, भाग 2 ला 40, आणि उरलेले 20 अंतर्गत मूल्यमापनाचे. त्या हिशेबाने रसायनाला मी जास्त वेळ घेते असं कुणी म्हणेल. पण दिवाळीनंतर कार्बनी संयुगं येतात, फळ्यावर मिथेनपासून इथेनॉलपर्यंत साखळ्या सुरू होतात, आणि कार्बनला चार हात का हे शिकवायला मी वेगळी तासिका धरत नाही.