दोन माहेरांचा घेवडा

मेक्सिकोच्या डोंगरउतारांवर झुडपांच्या आधाराने चढणारा रानघेवडा वाळला की शेंग आपोआप तडकते, पीळ घेते आणि दाणे दूर भिरकावून देते. दाणा बारीक, साल टणक. त्यामुळे एकाच पावसात सगळे दाणे रुजत नाहीत. एखादं वर्ष कोरडं गेलं तरी वंश टिकतो.

शेतकऱ्याला नेमकं याच्या उलट हवं असतं. पेरलेलं सगळं एकदम उगवावं, शेंग काढणीपर्यंत मिटलेली राहावी, दाणा टपोरा व्हावा. काही हजार वर्षांपूर्वी अमेरिका खंडातल्या माणसांनी रानघेवड्याला असं वळण लावलं. पण नेमकं कुठे? रानघेवडा तर उत्तर मेक्सिकोपासून थेट अर्जेंटिनाच्या वायव्य टोकापर्यंत पसरलेला आहे.

पॉल गेप्ट्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने याचं उत्तर दाण्याच्या पोटात शोधलं. रंग, आकार, ठिपके यांवर विसंबून चालणार नव्हतं, कारण ते शेतकऱ्यांनीच पिढ्यानपिढ्या निवडून बदललेले. दाण्यात फेसिओलिन नावाचं प्रथिन भरपूर असतं, आणि त्याची घडण डोळ्यांना दिसत नाही. जे दिसतच नाही ते कोण निवडणार? म्हणजे लागवडीच्या वाणात ते रानटी पूर्वजासारखंच राहिलं असणार. या युक्तिवादाचं मला फार कौतुक वाटतं. दाण्यातलं प्रथिन जेलच्या थरावर ठेवून वीज सोडली की त्याचे घटक आकारानुसार मागेपुढे सरकतात आणि पट्टे उमटतात. गेप्ट्स आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली हे पट्टे मांडले, तेव्हा मेक्सिको-मध्य अमेरिकेतले लागवडीचे वाण तिथल्या रानघेवड्याशी जुळले आणि अँडीज पर्वतातले वाण अँडीजच्या रानघेवड्याशी. एकच वनस्पती, हजारो किलोमीटरच्या अंतरावर, दोन वेगवेगळ्या समाजांनी स्वतंत्रपणे माणसाळवली होती!

ही दोन घराणी माणूस येण्याच्या कितीतरी आधी वेगळी झाली होती. २०१४ साली घेवड्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा ही फारकत सुमारे १,६५,००० वर्षांपूर्वीची असल्याचा अंदाज निघाला. दुरावा इतका, की दोन्हीकडच्या काही वाणांचा संकर केला तर रोपं खुरटतात, मुळं नीट धरत नाहीत. मग या दोन्ही घराण्यांचा मूळपुरुष कोण? १९९५ साली गेप्ट्स यांच्या गटाने इक्वाडोर आणि उत्तर पेरूमधल्या एका रानघेवड्याकडे बोट दाखवलं, कारण त्याच्या फेसिओलिनच्या जनुकात इतरांत आढळणारी पुनरावृत्ती नव्हती. २०१२ साली दुसऱ्या एका गटाने मात्र मूळस्थान मेक्सिकोच, असं मांडलं.

आपल्याकडचा राजमा, श्रावणघेवडा आणि भौगोलिक मानांकन मिळालेला कोरेगावचा वाघ्या घेवडा ही याच एका जातीची लेकरं, कोलंबसानंतर समुद्र ओलांडून आलेली. (वाल आणि पावटा यांना यात ओढू नये, ती वनस्पतीच निराळी.)

माणसाळताना घेवड्याने बरंच काही मिळवलं, तसं काही मागेही राहिलं. मेक्सिकोतल्या काही रानघेवड्यांच्या दाण्यात आर्सेलिन नावाचं प्रथिन असतं. साठवलेले दाणे पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्या असे दाणे खाऊन वाढत नाहीत, मरतात. लागवडीच्या वाणांत हे प्रथिन सापडलं नाही. बहुधा ज्या मोजक्या झाडांपासून शेती सुरू झाली, त्यांच्यात ते नव्हतंच. पण रानटी आणि लागवडीचा घेवडा अजून एकाच जातीचे असल्याने साध्या संकरानेही आर्सेलिन पुन्हा पिकात आणता येतं, आणि पैदासकारांनी ते आणलंही. त्यासाठी आधी कुणीतरी ते रानटी दाणे गोळा करून जपावे लागतात. कोलंबियात पाल्मिरा इथल्या बियाणे-संग्रहात जगभरातल्या घेवड्यांचे हजारो नमुने थंडीत ठेवलेले आहेत, आणि त्यांत तडकणाऱ्या शेंगांचे हे बारीक दाणेही आहेत.