मॉर्फिनची गोळी घड्याळाप्रमाणे

फेब्रुवारी-मार्चमध्ये नीमच-मंदसौरकडे गेलं की अफूची शेतं दिसतात. दुपारी बोंडांना चिरा देतात, रात्रभर चीक पाझरतो, सकाळी तो खरवडून घेतात. परवान्याचं हे पीक सरकारच विकत घेतं. मॉर्फिन आणि कोडीन, दोन्ही याच चिकातली. इतिहास एवढा पुरे, कारण मला बोलायचंय ते मॉर्फिनच्या साध्या गोळीबद्दल आणि ती घेण्याच्या वेळेबद्दल.

कॅन्सरच्या रुग्णांच्या घरी जाणं-येणं असल्यानं एक वाक्य मी फार वेळा ऐकलंय : "सासूबाई कळ सोसतायत, पण गोळी शक्यतो टाळतो आम्ही. सवय लागली तर?" जीव तुटतो ऐकून. वाट पाहत बसलं की दुखणं चढतं, आणि चढलेलं दुखणं उतरवणं फार जड जातं. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभं करणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स यांचा आग्रहच होता की गोळी कळ आल्यावर नव्हे, घड्याळ बघून द्यावी. साध्या मॉर्फिनचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून बहुधा दर चार तासांनी. रात्रीची झोपमोड कशी टाळायची आणि मधेच कळ उठली तर जादा डोस किती, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं. मूत्रपिंड कमजोर असेल तर तेही सांगावं. तिथं हिशेब बदलतो.

शरीर औषधाला सरावतं, त्यामुळे ते एकाएकी बंद करायचं नसतं. पण याला व्यसन म्हणत नाहीत. दुखणं कमी झालं तर डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. मळमळ आणि गुंगी बहुतेकांची काही दिवसांत ओसरते. पोट साफ न होणं मात्र ओसरत नाही. पहिल्या चिठ्ठीतच पोट साफ होण्याचं औषध मागून घ्या. कित्येक घरांत मॉर्फिन सुटतं ते दुखण्यामुळे नव्हे, या एका त्रासामुळे. लांब असराची गोळी फोडू किंवा कुटू नये. फेंटानिल या वेदनाशामकाची अंगाला चिकटवायची पट्टी असेल तर तिच्यावर शेक देऊ नये. उष्णतेनं औषध जास्त वेगानं अंगात जातं.

आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानंतर कागदपत्रांच्या धास्तीनं अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेटानं पाठपुरावा केला, २०१४ मध्ये कायदा बदलला. या माणसांचे आपल्यावर उपकार आहेत, असं मी मनापासून मानतो.

खोकल्याच्या कोडीनवाल्या सिरपबद्दल थोडक्यात : बारा वर्षांखालच्या मुलांना ते देऊच नये. यकृतात कोडीनचं मॉर्फिन होतं, आणि काहींच्या शरीरात ते फार झपाट्यानं होतं. साध्या सर्दी-खोकल्याला मोठ्यांनाही त्याची गरज नसते, हे माझं ठाम मत. चिठ्ठीशिवाय दुकानातून ते आणू नये.

यातलं कुठलंही औषध दारूबरोबर घेऊ नये, डॉक्टरांना न विचारता झोपेच्या गोळीबरोबरही नाही. या तिन्ही गोष्टी श्वास मंद करतात. माणूस हलवूनही जागा होत नसेल, श्वास फार सावकाश चालत असेल, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर लगेच १०८ला फोन करा. रुग्णालयात नॅलोक्सोन हा उतारा असतो. गोळ्या कुलपात ठेवा, उरलेल्या रुग्णालयात परत करा.

घरात कुणाला मॉर्फिन लिहून दिलं असेल तर डोसांच्या वेळा मोठ्या अक्षरात कागदावर लिहून भिंतीला लावा, आणि दुखण्यानं रडवेलं होईपर्यंत त्या माणसाला थांबवू नका.