आजीची बोरमाळ आणि माझा चुकलेला निष्कर्ष



पेटची तयारी करणारे, सिनॉप्सिस लिहायला घेतलेले बरेच जण एकच प्रश्न विचारतात: "इन्स्ट्रुमेंट आहे, रीडिंगही मिळतंय, आता पुढं काय?" आज याचं उत्तर आमच्या घरातल्या एका दागिन्यावरून देते. यात मी स्वतः चांगलीच तोंडावर पडले आहे, त्यामुळे माझ्या तरी ते जन्मभर लक्षात राहील.

माझी आजी, म्हणजे आईची आई, कोल्हापूरची. तिच्या गळ्यात मी लहानपणापासून बोरमाळ बघितली. बोराच्या आकाराचे तीस सोनेरी मणी, लाल दोऱ्यात गाठवलेले. "दोन तोळ्यांची माळ आहे," असं ती कौतुकानं सांगायची. शेवटची नऊ वर्षं ती मावशीकडे राहिली, माळही तिथंच होती. आजी गेल्यावर दागिन्यांच्या वाटण्या निघाल्या. माळ जुनी, तिच्यावर हॉलमार्क कुठून असणार? आपल्याकडे सोन्याच्या दागिन्यांचं हॉलमार्किंग सुरू झालं २००० साली. मामा म्हणाला, "घरात शास्त्रज्ञ आहे की, तीच बघेल."

मग काय, शास्त्रज्ञबाई कामाला लागल्या.

मी काय मोजलं

आमच्या लॅबमध्ये घनता मोजायचा तराजू आहे. तत्त्व आर्किमिडीजचंच. वस्तू आधी हवेत तोलायची, मग पाण्यात बुडवून तोलायची. पाण्यात वजन जितकं कमी भरतं, तितकं पाणी त्या वस्तूनं बाजूला सारलेलं असतं. त्यावरून आकारमान मिळतं, आणि वस्तुमानाला आकारमानानं भागलं की घनता.

शुद्ध सोन्याची घनता १९.३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. २२ कॅरेटची साधारण १७.७. माझं उत्तर आलं २.४.

मी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा जवळपास तेच. तक्त्यात बघितलं तर अॅल्युमिनियम २.७. मी घरच्या ग्रुपवर लिहून टाकलं, "माळ सोन्याची नाही."

पुढचं तुम्ही ओळखलं असेलच. आजी खोटं बोलणार नाही, मग माळ बदलली कधी? नऊ वर्षं ती कुणाकडे होती? असं उघड कुणी बोललं नाही, पण ग्रुपवर जी शांतता पसरली ती सगळ्यांनाच कळली. मावशीनं फक्त एवढंच लिहिलं, "दुकानातल्या मशीनवर तपासून घ्या."

तेही केलं. सराफाकडे कॅरेट मोजायचं जे मशीन असतं ते एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरण प्रतिदीप्ती. क्ष-किरण टाकले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण परत सोडतं. त्यावरून कोणता धातू किती टक्के ते कळतं. मशीननं दाखवलं सोनं ९१.२ टक्के. म्हणजे जवळजवळ २२ कॅरेट.

आता दोन यंत्रं, दोन उत्तरं. मामाचं म्हणणं, "वरून सोन्याचा मुलामा असेल." आणि खरं सांगायचं तर हा आक्षेप बिनबुडाचा नव्हता. सोन्यासारख्या जड धातूत एक्सआरएफला जी माहिती मिळते ती पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरातून, काही मायक्रोमीटरमधून येते. आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड असतो. त्याखाली काय आहे याबद्दल मशीन काहीच बोलत नाही.

गुजरीतला धडा

शेवटी माळ घेऊन कोल्हापूरच्या गुजरीत गेले. तिथं एक वयस्कर कारागीर आहेत, हातानं मणी घडवणारे. मी त्यांना सगळी कहाणी सांगितली, आकडेसुद्धा. त्यांनी माळ हातात घेतली, एक मणी दोऱ्यावर जरा सरकवला, भोकाच्या तोंडाशी भिंग धरलं आणि म्हणाले, "पोरी, आत लाख हाय की. बोरमाळ भरीव सोन्याची कोण करतंय?"

भोकाच्या कडेला गडद तपकिरी लाख स्पष्ट दिसत होती. दोऱ्यामुळे झाकली गेली होती, आणि मी ती बघितलीच नव्हती.

मग त्यांनी मणी कसा बनतो ते सांगितलं. सोन्याचा पातळ पत्रा खळग्यात ठोकून अर्धी वाटी करायची, अशा दोन वाट्या झाळून जोडायच्या, भोकातून आत लाख भरायची. पत्रा इतका पातळ असतो की नुसता ठेवला तर बोटानं दबेल. लाखेनं त्याला आतून आधार मिळतो. थोड्या सोन्यात मोठा, टपोरा मणी होतो आणि सामान्य घरातल्या बाईलाही गळाभर दागिना घालता येतो. लाख म्हणजे एका किडीनं झाडाच्या फांदीवर सोडलेली राळ. पळस, कुसुम आणि बोर ही त्या किडीची आवडती झाडं. बोरमाळेच्या पोटात बोराच्या झाडावरची लाख असू शकते, ही गंमत मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हती.

आता माझ्या २.४ कडे परत बघा. सोन्यात भेसळ करतात ती मुख्यतः तांबं किंवा चांदी यांची. चांदीची घनता १०.५, तांब्याची ८.९६. म्हणजे अख्खी माळ तांब्याची असती तरी उत्तर नऊच्या आसपास यायला हवं होतं. २.४ हा आकडा ओरडून सांगत होता की आत धातूपेक्षा फार हलकं काहीतरी आहे. मी मात्र तक्त्यात जवळचा धातू शोधत बसले, कारण वस्तू एकाच पदार्थाची आहे हे मी न विचारताच धरून चाललं होतं.

दोन समीकरणं

कारागिरांच्याच ओळखीच्या पटवेकऱ्याकडून दोरा काढून घेतला आणि सुटे मणी पुन्हा मोजले. पहिल्या वेळी दोऱ्यात आणि भोकांत हवेचे बुडबुडे अडकले होते. त्यांनी आकारमान फुगवलं आणि घनता आणखी खाली ओढली. तीनदा मोजून तीनदा तेच आलं याचा अर्थ एवढाच, की मी तीनदा तीच चूक केली होती.

या वेळी बुडबुडे झटकून मोजलं. वस्तुमान २४.० ग्रॅम, आकारमान ९.० घन सेंटिमीटर. घनता २.६७.

अज्ञात गोष्टी दोन, सोन्याचं वजन आणि लाखेचं वजन. समीकरणंही दोन. दोन्ही वजनांची बेरीज २४, आणि दोन्ही आकारमानांची बेरीज ९. सोन्याची घनता १७.७ आणि लाखेची १.१ धरली तर सोनं येतं १५.० ग्रॅम आणि लाख ९.० ग्रॅम. वहीत सोडवून बघा, नववीचं गणित आहे.

पण इथं थांबायचं नाही. लाख शुद्ध आहे की तिच्यात काही मिसळलंय, मला माहीत नाही. म्हणून तिची घनता १.० ते १.२ अशी बदलून बघितली. सोनं १५.९ ते १४.२ ग्रॅम या दरम्यान सरकतं. आता उलटं करू. लाख १.१ वरच ठेवून सोनं २२ ऐवजी १८ कॅरेटचं, म्हणजे घनता सुमारे १५.५ धरली, तर उत्तर होतं १५.२ ग्रॅम. जवळपास काहीच फरक नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. सोनं किती हे घनतेवरून कळतं, पण ते कसं आहे हे कळत नाही. एक्सआरएफचं बरोबर उलटं. तिथं पत्र्याचा कस कळतो, पण पत्रा किती हे कळत नाही. दोन्ही यंत्रं खरंच बोलत होती, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होती. मी त्यांना एकाच प्रश्नाच्या साक्षीला उभं केलं, म्हणून भांडण दिसलं.

पुढे आजीच्या ट्रंकेत मामालाच सोनाराची जुनी चिठ्ठी सापडली. सोनं सव्वा तोळा, लाखेसह वजन दोन तोळे. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, सव्वा तोळा म्हणजे १४.६ ग्रॅम. माझ्या टप्प्यात बसतं. दोन तोळे म्हणजे २३.३ ग्रॅम, माझ्या तराजूवरच्या २४ च्या जवळ. आजी खरंच बोलत होती, ती लाखेसकटचं वजन सांगायची एवढंच.

मावशीला फोन केला, माफी मागितली. ती म्हणाली, "लहानपणी आईबरोबर सोनाराकडे गेले होते गं मी. लाख तापवलेली आठवतेय. पण तुझं मशीन बोलत होतं, मग मी कशाला बोलू?"

हे वाक्य मला कुठल्याही व्हायव्हापेक्षा जास्त लागलं. हवी ती माहिती घरातच होती, मी विचारलं नाही.

तुमच्या कामात याचा उपयोग

तुमचा नमुना दागिना नसेल. माती असेल, पानं असतील, पॉलिमरची फिल्म असेल. तरी मोजायच्या आधी वहीत हे लिहून काढा: ही वस्तू बनली कशी? माझं यंत्र तिच्यातला नेमका कोणता भाग बघतं? मी काय धरून चालले आहे? आणि उत्तर कुठल्या मर्यादेबाहेर आलं तर माझं गृहीतकच चुकलं असं मी मानेन?

आणि ती वस्तू घडवणारा, वापरणारा, पिकवणारा माणूस हयात असेल तर आधी त्याच्याकडे जा. त्याचं ज्ञान प्रस्तावनेत शोभेसाठी लिहायचं नसतं. नमुन्याच्या रचनेची ती माहिती आहे, तिची जागा मेथडॉलॉजीत.

शेवटी एक घरगुती सूचना. आजीची अशी माळ तुमच्याकडे असेल तर ती गरम पाण्यात घालून स्वच्छ करू नका, लाख मऊ पडते. आणि दोरा बदलायला द्याल तेव्हा भिंग घेऊन भोकात एकदा डोकावून बघा.

आमची माळ नव्या दोऱ्यात गाठवून झाली. ती मावशीकडेच राहावी, असं मामानंच सुचवलं.