अमेरिकेतील आरोग्य बचत खाते : स्वयंरोजगार करणाऱ्यांना करसवलत किती आणि कोठवर

अमेरिकेत नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय सुरू करणाऱ्या व्यक्तीवर पहिल्याच वर्षी दोन खर्चांचा नवा भार पडतो. आरोग्य विम्याच्या हप्त्यात वाटा उचलणारा मालक राहत नाही, आणि सामाजिक सुरक्षा व मेडिकेअर या योजनांसाठीच्या करातील मालकाचा हिस्साही स्वतःच भरावा लागतो. हा भार काहीसा हलका करण्यासाठी ‘हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट’, म्हणजे आरोग्य बचत खाते, उघडण्याचा सल्ला तेथे सर्रास दिला जातो. हा सल्ला चुकीचा नाही, मात्र अनेकदा तो अर्धाच सांगितला जातो.

तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी डिसेंबर २००३ मध्ये स्वाक्षरी केलेल्या मेडिकेअर सुधारणा कायद्याने हे खाते अस्तित्वात आले. खात्यात भरलेली रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते, तिच्यावरील व्याज वा गुंतवणुकीच्या लाभावर केंद्रीय कर लागत नाही, आणि ती वैद्यकीय खर्चासाठी काढल्यास तेव्हाही कर नसतो. तीनही टप्प्यांवर करमुक्त असलेली अशी बचत अमेरिकी करव्यवस्थेत क्वचितच आढळते. वर्ष संपले म्हणून शिल्लक बुडतही नाही.

अट विम्याची आहे. खातेदाराकडे मोठ्या ‘डिडक्टिबल’ची पॉलिसी हवी, म्हणजेच विमा कंपनी पैसे देऊ लागण्यापूर्वी रुग्णाने स्वतः सोसायची रक्कम मोठी असली पाहिजे. २०२६ साठी ही रक्कम एका व्यक्तीच्या विम्यात किमान १,७०० डॉलर आणि कुटुंबाच्या विम्यात ३,४०० डॉलर आहे. खात्यात वर्षभरात अनुक्रमे ४,४०० आणि ८,७५० डॉलर भरता येतात. वयाची ५५ वर्षे पूर्ण केलेल्यांना आणखी १,००० डॉलर. मेडिकेअरमध्ये नाव नोंदविले की नवी रक्कम भरण्याचा अधिकार संपतो.

स्वयंरोजगार करणाऱ्यांसाठी २०२६ पासून एक महत्त्वाचा बदल झाला आहे. सरकारी विमा बाजारपेठेतील ‘ब्राँझ’ श्रेणीच्या योजना स्वस्त हप्त्यामुळे या वर्गात प्रचलित आहेत. पण त्यातील अनेक योजना तांत्रिक निकषांत बसत नसल्याने त्यांच्या धारकांना हे खाते उघडता येत नव्हते. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने या योजनांनाही पात्र ठरविले.

आता प्रत्यक्ष बचतीचा हिशेब. केंद्रीय प्राप्तिकराच्या २२ टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या एकट्या व्यावसायिकाने पूर्ण ४,४०० डॉलर भरले, तर त्याचा प्राप्तिकर ९६८ डॉलरने घटतो. मात्र १५.३ टक्के दराचा स्वयंरोजगार कर एका सेंटनेही कमी होत नाही. कारण ही वजावट व्यवसायाचा खर्च म्हणून धरली जात नाही. नफा निश्चित झाल्यानंतर, व्यक्तीच्या विवरणपत्रात, फॉर्म ८८८९ भरून ती घेतली जाते. नोकरदाराची रक्कम पगारातूनच परस्पर या खात्यात वळती झाली तर त्याचा सामाजिक सुरक्षा व मेडिकेअर करही वाचतो; तेवढ्याच रकमेवर सुमारे ३३७ डॉलर. एकाच कायद्याखालील हा भेदभाव आहे, आणि ज्याला मालकाचा आधार नाही त्याच्याच वाट्याला तो येतो.

तरीही २०२६ मध्ये या वजावटीला वेगळेच मोल आले आहे. विम्याच्या हप्त्यासाठी २०२१ पासून मिळणारे वाढीव सरकारी साहाय्य २०२५ अखेर संपले, आणि दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांची जुनी मर्यादा पुन्हा लागू झाली. अलास्का व हवाई वगळता एका व्यक्तीसाठी ही मर्यादा ६२,६०० डॉलर आहे. उत्पन्न तिच्यापुढे थोडेही गेले की संपूर्ण साहाय्य जाते, आणि आगाऊ मिळालेली रक्कम परत करावी लागते. इतर सर्व वजावटींनंतर ज्याचे उत्पन्न ६६,००० डॉलर भरते, तो खात्यात ४,४०० डॉलर टाकून ६१,६०० वर येतो. अशा वेळी वाचलेला कर दुय्यम ठरतो. पन्नाशी-साठीतल्या माणसाचे टिकून राहिलेले साहाय्य काही हजार डॉलरचे असू शकते.

मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया या दोन राज्यांत मात्र राज्याच्या प्राप्तिकरासाठी हे खाते मान्यच नाही. तेथे केंद्राच्या विवरणपत्रात वजा केलेली रक्कम राज्याच्या विवरणपत्रात पुन्हा उत्पन्नात धरावी लागते, आणि खात्यातील व्याजही दरवर्षी दाखवावे लागते.

आणखी एक गैरसमज भारतीयांत आढळतो. सुटीत पुण्या-मुंबईस येऊन खातेदाराने स्वतःच्या दातांवर उपचार करून घेतले, तर तो खर्च या खात्यातून करता येतो. परंतु भारतात राहणाऱ्या, अमेरिकेचे नागरिकत्व नसलेल्या आईवडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे काढता येत नाहीत. त्यांचा सारा खर्च मुलगा वा मुलगी करीत असली तरी कर कायदा त्यांना अवलंबित मानत नाही. वयाच्या ६५ वर्षांपूर्वी अशा अमान्य कारणासाठी काढलेल्या रकमेवर प्राप्तिकर आणि वर २० टक्के दंड लागतो. पासष्टीनंतर दंड नाही, केवळ कर.

ज्याच्या हाती डिडक्टिबलपुरतीही रोकड नाही, त्याने केवळ वजावटीच्या मोहाने अशी पॉलिसी घेणे जोखमीचे आहे. कराची सवलत पुढच्या वर्षी मिळते, रुग्णालयाचे बिल आजच येते. उलट ज्याला बिल खिशातून भरणे शक्य आहे, त्याने पावत्या जपून रक्कम खात्यातच वाढू दिली तरी चालते. भरपाई किती वर्षांनी घ्यावी यावर कायद्यात मुदत नाही. खर्च खाते उघडल्यानंतरचा असावा एवढेच बंधन आहे.

२०२६ या वर्षासाठीची रक्कम १५ एप्रिल २०२७ पर्यंत भरता येते. त्यामुळे वर्षाचा जमाखर्च हाती आल्यावरही, उत्पन्न मर्यादेच्या कोणत्या बाजूला पडते ते पाहून, निर्णय घेण्यास साडेतीन महिन्यांचा अवधी उरतो.