सापाची भूक

माझ्या लहानपणी श्रावणात आमच्या पवईच्या वस्तीत गारुडी टोपली घेऊन येई. आई वाटीभर दूध पुढे करी आणि नाग ते पिई. “बिचारा उपाशी असेल,” असे ती म्हणे. सापाला किती दिवसांनी खायला लागते, हा प्रश्न मला तेव्हापासूनचा.

आपण रोज दोन वेळा जेवतो, कारण अन्नाचा मोठा भाग शरीर ऊबदार ठेवण्यातच खर्ची पडतो. साप ही ऊब उन्हाकडून व तापल्या जमिनीकडून घेतो; म्हणून त्याचे थोडक्यात भागते. वाढत्या पिलाला साधारण आठवड्याने भक्ष्य लागते, मोठ्या सापाला एक उंदीर दहा-पंधरा दिवस पुरतो, तर अजगर मोठे भक्ष्य गिळून कित्येक आठवडे स्वस्थ राहतो. थंडीत पचन मंदावते. तेव्हा बळेच भरवले तर तो ओकून टाकतो. तेव्हा वार नव्हे, तर सापाचे वय, भक्ष्याचा आकार आणि हवामान पाहावे लागते.

मग नाग दूध का पितो? तो मांसाहारी, दूध त्याला मानवत नाही. सणाआधी त्याला कित्येक दिवस पाणीच दिलेले नसते. ती भूक नव्हे, तहान! वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार आपल्याकडचे नाग, धामण, अजगर पकडणे वा पाळणे गुन्हा आहे.

हे आईला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे मी त्याला त्रासच दिला का रे?” मला उत्तर देववेना. आता नागपंचमीला ती पाटावर गंधाने नाग काढते आणि दुधाची वाटी त्याच्यापुढे ठेवते.